काटा मधोमध

"दरवर्षी प्रवासवर्णनं आणि पाककृतीच येतात हो, तुम्ही जरा काहीतरी वैचारिक लिहा," असा अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी आमच्या गॅरेजमध्ये गाडीखाली उताणा पडलो होतो. दोन्ही हात ऑइलने माखलेले, त्यामुळे फोन चिरंजीवांनी माझ्या कानाशी धरला होता. अशा अवस्थेत माणूस कशालाही हो म्हणतो. मीही म्हणालो. तेव्हा पुढचा लेख वैचारिक आहे की मेकॅनिकल, हे वाचकांनीच ठरवावं.

आमच्या मुलाने सतराव्या वर्षी, उन्हाळ्यात साठवलेले पैसे आणि माझे थोडे पैसे घालून एक बारा वर्षांची जुनी जपानी गाडी घेतली. टर्बो, हाताने गिअर टाकायचे, मागचे चाकाजवळचे पत्रे मिशिगनच्या मिठाने खाल्लेले. गाडीचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण मंडळात ती गाडी असणारे निदान चार जण आहेत आणि प्रत्येकाचं तिच्याबद्दल ठाम मत आहे. गाडी आल्यावर आठ दिवसांत पोराने वीस डॉलरचं एक यंत्र आणलं आणि स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खुपसलं. १९९६ सालापासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या पेट्रोल मोटारीला ते सॉकेट असावंच लागतं. गाडीच्या कॉम्प्युटरला जे कळतं, त्यातलं बरंचसं तिथून आपल्यालाही वाचता येतं.

आम्ही दोघे चक्कर मारायला निघालो. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा नेहमीप्रमाणे बरोबर मधोमध. फोनच्या पडद्यावर मात्र इंजिनातल्या पाण्याचं खरं तापमान येत होतं. मोकळ्या रस्त्यावर १८८ अंश फॅरेनहाइट. सिग्नलला थांबलो, २०३. एसी लावला, पुढे रस्त्याचं काम चाललं होतं, तिथे वीस मिनिटं मुंगीच्या पावलाने गेलो, २१६. आणि काटा? जागचा हलला नाही.

"बाबा, हा काटा खोटारडा आहे," चिरंजीव म्हणाले.

मी पंचवीस वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय, त्यामुळे मला आश्चर्य वाटायला नको होतं. आकडा आत येतो, आणि साधारण १७० ते २२५ च्या मधलं काहीही आलं तरी काट्याला सांगायचं की मध्ये उभा राहा. दोन ओळींचं काम. हे असं का करतात तेही उघड आहे. काटा खरा असला की चढावर थोडा वर जातो, थंडीत खाली येतो, आणि गिऱ्हाईक गाडी घेऊन वर्कशॉपमध्ये हजर होतं: "काटा हलतोय, काहीतरी बिघडलंय." गाडीला काहीच झालेलं नसतं. मग उपाय काय, तर काट्यालाच गप्प बसवायचं. ऑइल प्रेशरच्या काट्याची तर याहून गंमत. माझदाची मिआटा ही छोटी दोन आसनी गाडी घ्या. तिच्या सुरुवातीच्या मॉडेलांत हा काटा खरा होता. १९९५ च्या सुमारास त्याच्या जागी जो आला तो दिसायला तसाच, आकडे-रेघांसकट, पण त्याच्यामागे फक्त एक स्विच. थोडंसं प्रेशर असलं की काटा वर, नसलं की खाली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फोर्डनेही हेच केलं होतं. तिथे काट्यामागे वीस ओहमचा एक रेझिस्टर बसवला, की काटा आपला मधोमध सुखाने नांदतो. म्हणजे हा दिवाच, फक्त काट्याचा पोशाख घातलेला.

हे वाचून मला पहिल्यांदा राग आला आणि दुसऱ्यांदा सातारा आठवला.

माझे आईवडील साताऱ्याला असतात. मी २००० साली एम.एस. करायला इकडे आलो, तेव्हापासून दर रविवारी सकाळी फोन करतो. पहिल्यांदा कॉलिंग कार्डावरून, तो लांबलचक नंबर खरवडून, आणि आता चेहऱ्यासकट. फोनचं पहिलं वाक्य पंचवीस वर्षांत बदललेलं नाही. मी विचारतो, "काय म्हणताय?" अप्पा म्हणतात, "आम्ही मजेत. तू?" मी म्हणतो, "आम्हीही मजेत." दोन्हीकडचे काटे मधोमध.

२०१६ च्या गणपतीत असाच एक रविवार आला. आईने फोन घेतला. अप्पा देवळात गेलेत म्हणाली. पुढच्या रविवारी अप्पा झोपलेत म्हणाली. सकाळी नऊ वाजताची ती वेळ आमची. तिकडे संध्याकाळचे साडेसहा, या वेळी अप्पा आयुष्यात कधी झोपलेले नाहीत. पण मी पुढे विचारलं नाही. का विचारलं नाही, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. बाराव्या दिवशी चुलतभावाचा निरोप आला: काका आता बरे आहेत, काळजी करू नकोस. कोणती काळजी? अप्पांना पुण्याला नेऊन अँजिओप्लास्टी केली होती. पाच दिवस दवाखान्यात होते. साऱ्या आळीला माहीत, दूधवाल्याला माहीत, मला नाही.

मी फोनवर जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "तुला काटा दाखवून उपयोग काय होता? तू काय गाडी थांबवणार होतास?"

(अप्पांनी खरं तर "तुला सांगून" असं म्हटलं होतं. काट्याचं मी आता घातलं. पण अर्थ हाच.)

हा प्रश्न गेली नऊ वर्षं माझ्याबरोबर आहे आणि गाडीच्या निमित्ताने तो पुन्हा समोर आला. समोर येऊनही ज्याबद्दल काही करता येणार नाही, असं सत्य माणसाला सांगावं का? इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९७ साली एक निबंध लिहिला, त्यात त्याने भूमिका घेतली की खुनी माणूस दारात येऊन तुमच्या मित्राचा पत्ता विचारत असेल, तरी खोटं बोलायचा हक्क तुम्हाला नाही. कॉलेजात असताना मला हे थोर वाटलं होतं. चाळिशी ओलांडल्यावर वाटतं, या गृहस्थाला परदेशात राहणारा मुलगा नव्हता. आपल्या महाभारताला माणसांची जास्त माहिती होती. तिथे युधिष्ठिर अश्वत्थामा नावाच्या हत्तीच्या आडून अर्धं सत्य बोलतो, युद्ध पुढे सरकतं, आणि जमिनीवरून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकतो. शिक्षा झाली, चार बोटांची. पण लक्षात घ्या, त्याचं वाक्य शब्दशः खरंच होतं. मधोमध उभा राहणारा काटाही शब्दशः खोटा नसतो. "सगळं ठीक" एवढंच तो म्हणतो, आणि तेव्हा सगळं ठीक असतंही. प्रश्न उरतो तो त्याच्या दिसण्याचा. दिवा असता तर आपल्याला माहीत असतं की हा फक्त हो किंवा नाही म्हणणार. काट्याचं रूप घेतलं की त्याने वचन दिलेलं असतं, की मी किती ते सांगेन.

असो. गाडीकडे येतो.

पोराला सहा गेज हवी होती. टर्बोचा बूस्ट, ऑइल प्रेशर, ऑइलचं तापमान, पाण्याचं तापमान, हवा-पेट्रोलचं प्रमाण आणि बॅटरीचे व्होल्ट. विमानाचं कॉकपिटच. मी बापाच्या अधिकारात नियम घातला: ज्या काट्याकडे बघून तू गाडी चालवताना काही वेगळं करणार असशील तोच लावायचा. हवा-पेट्रोलचं प्रमाण गाडीचा कॉम्प्युटर सेकंदात कितीतरी वेळा बघतो आणि दुरुस्त करतो. इंजिनाचं ट्यूनिंग बदललेलं नसताना ते बघून तू काय करणार? गळालं. व्होल्ट त्या सॉकेटमधून दिसतातच. गळालं. ऑइलचं तापमान शर्यतीच्या ट्रॅकवर महत्त्वाचं, शाळेच्या पार्किंगमध्ये नाही. पाण्याचं तापमान ठेवलं, कारण ते वाढलं तर एसी बंद करता येतो, हीटर लावता येतो, बाजूला थांबता येतं. ऑइल प्रेशर तर हवंच. ते त्या सॉकेटमधून सहसा मिळत नाही, आणि गाडीत त्यासाठी असतो तो एकुलता एक लाल दिवा. हा दिवा लागतो पाच-सात पीएसआयला. चांगल्या इंजिनात दर हजार फेऱ्यांना दहा पीएसआय असावं असा जुन्या मेकॅनिकांचा ठोकताळा आहे. म्हणजे हायवेवर तीन हजार फेऱ्यांनी चाललेल्या गाडीत तो दिवा लागला तर तो इशारा नसतो, मृत्युलेख असतो.

"आणि बूस्ट?" मी विचारलं. "तो बघून तू काय वेगळं करणार?"

"काही नाही. मजा वाटते."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीन गेज ठरली.

पुढचे दोन शनिवार आम्ही गॅरेजमध्ये काढले. शेजारी एक अमेरिकन आजोबा राहतात, चाळीस वर्षं गिअरबॉक्सच्या कारखान्यात टूलमेकर होते. ते खुर्ची घेऊन येऊन बसायचे आणि फक्त चुकलं की बोलायचे. पहिली चूक आट्यांची. इंजिनाला ऑइलचा मूळ स्विच जिथे बसतो ते भोक एक अष्टमांश इंची. आमचा नवा सेन्सरही एक अष्टमांश इंची. पण अमेरिकन आट्यांत इंचाला सत्तावीस वेढे, आणि जपानी गाड्यांत जे ब्रिटिश आटे वापरतात त्यांत अठ्ठावीस. पहिले दीड-दोन वेढे झकास बसतात, मग अडतं. इथे माणसाला मोठा पाना घ्यायचा मोह होतो, आणि इंजिनाचं अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं. आजोबांनी नुसतं "नको" म्हटलं. अडॅप्टर मागवला. दुसरी चूक, मी नळाला लावतात तशी पांढरी टेप सेन्सरच्या आट्यांना गुंडाळत होतो. आमच्या सेन्सरचं अर्थिंग त्या आट्यांतूनच होतं, टेप लावली असती तर काटा वेड्यासारखा नाचला असता. वायर इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून आत घ्यायची तर नवं भोक पाडायचं नाही, आधीच्या रबरी बुचातून घ्यायची, नाहीतर पत्र्याची धार वर्षभरात तिला कापते. अशा गोष्टी. मुलाने सगळं वहीत लिहून घेतलं. मी त्याच्या वयात असताना वहीत लिहिण्याजोगं काम माझ्या हाताने एकदाही केलं नव्हतं, हे मला तिथे बसून जाणवलं.

तिसऱ्या गोष्टीबद्दल आजोबा दोनदा बोलले. जुना स्विच आणि नवा सेन्सर दोन्ही बसावेत म्हणून आम्ही इंजिनाला पितळेचा एक टी लावला होता आणि त्याला तो मुठीएवढा जड सेन्सर लटकत होता. ते म्हणाले, इंजिनाच्या थरथरीने हे पितळ एक दिवस तडकेल. सेन्सर गाडीच्या अंगाला बसवा आणि मध्ये पाइप द्या. पाइप चाळीस डॉलरचा, यायला आठवडा लागणार होता. मी म्हणालो, आठवडाभर काय होतंय. पाइप आला. मग माझं क्लायंटचं काम निघालं, मग पाऊस. पाइप तीन आठवडे गॅरेजच्या फळीवर पडून राहिला.

गेज लागल्यावर मात्र घरात नवाच छंद सुरू झाला. थंड इंजिन, ७५ पीएसआय. तापलेलं इंजिन सिग्नलला, १९. काल तर २१ होतं ना? आज १९ का? मी पोराच्या गाडीत बसलो की रस्त्याऐवजी काट्याकडे बघायचो. बायको म्हणाली, "अप्पांच्या मशीनसारखं चाललंय तुमचं." ते खरं होतं. अँजिओप्लास्टीनंतर मी हट्टाने अप्पांना रक्तदाब मोजायचं यंत्र पाठवलं होतं. अप्पा दिवसातून सहा वेळा मोजायला लागले. १३८ आला की पुन्हा मोजायचे, १४४ यायचा, मग घाबरून तिसऱ्यांदा, १५२. शेवटी त्यांच्या डॉक्टरांनीच सांगितलं की यंत्र माळ्यावर टाका आणि आठवड्यातून दोनदाच, ठरल्या वेळी, पाच मिनिटं शांत बसून मोजा. तेव्हा ज्याने काट्याला मंद केलं, त्या इंजिनिअरच्या बाजूनेही काही बोलण्यासारखं आहे. आकडा खरा असला म्हणून तो वाचणाऱ्याला वाचता येतोच असं नाही.

एका गुरुवारी संध्याकाळी, मी मीटिंगमध्ये, पोराचा फोन आला. दुसऱ्यांदा आला तेव्हा घेतला.

"बाबा, सिक्स-नाइन्टी-सिक्सवर आहे. ऑइल प्रेशर पंचावन्नवरून तीस, मग अठरा. मी इंजिन बंद केलं आणि शोल्डरला घेतली. लाल दिवा लागलाच नव्हता. मी ठीक आहे."

आकडे, कारण, काय केलं, आणि "मी ठीक आहे" सगळ्यात शेवटी. मी त्याच्या वयाचा असतो तर पहिलं वाक्य "काही नाही, जरा उशीर होईल" असं असतं, हे मला खात्रीने माहीत आहे.

गाडी टो करून आणली. खालून सगळी ऑइलने न्हालेली. पितळेचा टी मुळाशी केसासारखा तडकलेला होता. आजोबा आले, वाकून बघितलं आणि काही बोलले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. थोडक्यात, ज्या गळतीची खबर गेजने दिली ती गळती गेजमुळेच झाली होती. गेज नसतं तर टी नसता, टी नसता तर त्या गुरुवारी काहीच झालं नसतं. अडीच क्वार्ट ऑइल रस्त्यावर, इंजिन सुदैवाने शाबूत. मी पोराची माफी मागितली. त्याच रात्री पाइप बसवला, सेन्सर आतल्या बाजूच्या पत्र्यावर गेला, त्याला वेगळी अर्थिंगची वायर दिली. एक तास दहा मिनिटं लागली. त्या एक तास दहा मिनिटांसाठी मी तीन आठवडे सबबी सांगत होतो.

मला वाटलं होतं, या प्रकारानंतर पोरगं म्हणेल की काढून टाकू सगळं. ते म्हणालं, "आता वॉर्निंग कितीवर लावायची?" नव्या गेजना ती सोय असते. काटा आपला हलतो तसा हलू द्यायचा, आणि आपण ठरवलेल्या आकड्याखाली गेला की तांबडा होऊन तो ओरडतो. आम्ही बसून आकडे ठरवले. ऑइलला १५, पाण्याला २२५. तेव्हापासून आमच्यापैकी कोणी काट्याकडे टक लावून बघत नाही.

इथे मला २०१६ च्या भांडणातली एक गाठ सुटल्यासारखी वाटली. अप्पांचं म्हणणं, की दूरच्या माणसाला प्रत्येक हेलकावा दाखवू नये, हे मला आता पटतं. न पटण्यासारखं एवढंच होतं, की कितीवर सांगायचं हा आकडा त्यांनी एकट्याने ठरवला. काटा मंद करायला माझी हरकत नाही, पण रेझिस्टर किती ओहमचा हे मला विचारून ठरवा. बघणाऱ्याला न विचारता बसवलेला रेझिस्टर कितीही मायेने बसवलेला असो, त्यात बघणाऱ्याला जरा कमी लेखलेलं असतं. तू झेपवू शकणार नाहीस, असं.

हे मी एका रविवारी अप्पांना मोठ्या अभिमानाने समजावून सांगितलं. गाडी, टी, २२५, सगळं. त्यांनी नीट ऐकलं. यंत्रांबद्दल अप्पांना पूर्वीपासून प्रेम आहे. ते पी.डब्ल्यू.डी.त कारकून होते आणि आमच्याकडे बजाज चेतक होती. तिला पेट्रोलचा काटाच नव्हता. रोज सकाळी अप्पा ती हँडलला धरून हलवायचे, कान देऊन डुचमळण्याचा आवाज ऐकायचे आणि सांगायचे, "कोरेगावपर्यंत जाईल, परत येताना रिझर्व्हला लागेल." तसंच व्हायचं. (चेतक २०२० साली विजेवर चालणारी होऊन परत आली. तिच्यात बॅटरी किती टक्के ते दिसतं. अप्पांना ते फारसं कौतुकाचं वाटलं नाही.)

माझं सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "आणि २००९ साली तुझा आकडा कितीवर लावला होतास?"

मी गप्प.

२००९ साली माझी नोकरी गेली होती. जनरल मोटर्स आणि क्रायस्लर दोन्ही त्या वर्षी दिवाळखोरीत निघाल्या, आणि मी त्यांना माल पुरवणाऱ्या एका कंपनीत कंत्राटावर होतो. मुलगा एक वर्षाचा. ग्रीन कार्डाचा अर्ज लटकलेला, पण तो होता म्हणून देशात राहता तरी आलं. सात महिने बेकार होतो. त्या सात महिन्यांत साताऱ्याला एकदाही सांगितलं नाही. दर रविवारी, आम्ही मजेत.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? तू मधल्या वारी फोन करायला लागलास. बुधवारी, गुरुवारी. तुझी दुपार असायची. आणि घाईत नसायचास. आईला भाजीचे भाव विचारायचास. पंधरा मिनिटं भाजीचे भाव! मी हिला म्हणालो, याचं काम गेलंय."

"मग विचारलं का नाही?"

"तू सांगत नव्हतास म्हणून."

सात महिने दोघं साताऱ्यात बसून काळजी करत होते आणि मला ती कळू नये याचीही काळजी घेत होते. मी इकडे समजत होतो की मी त्यांची झोप वाचवतोय. त्यांच्या झोपेत माझ्या खोटं बोलण्याने एका तासाची भर पडली नव्हती. उलट मला दोन धीराचे शब्द सांगायची त्यांची सोय मात्र मी काढून घेतली होती. डॅशबोर्डवरचा काटा अनोळखी माणसासाठी केलेला असतो, तो फसतो. आपल्या माणसाने गाडी हलवून आवाज ऐकलेला असतो. २०१६ साली संध्याकाळी साडेसहाला अप्पा झोपलेत हे ऐकून मलाही आवाज आलाच होता. मी पुढे विचारलं नाही.

तेव्हापासून आमचा एक करार आहे. रविवारी अप्पा तीन आकडे सांगतात. आठवड्यात दोनदा मोजलेल्यांपैकी वरचा रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, आणि तिसरा, लायब्ररीजवळच्या कट्ट्यावर रमीत किती रुपये जिंकले किंवा हरले. तिसऱ्याचा वैद्यकीय उपयोग शून्य. पण पहिले दोन मी ठरवले, तेव्हा तिसरा त्यांनी ठरवला. आणि मध्यरात्री उठवून सांगायचं ते केव्हा, हे कागदावर लिहिलेलं आहे. एक प्रत त्यांच्या फ्रिजवर, एक आमच्या. दवाखान्यात रात्र काढायची वेळ आली तर लगेच. चक्कर येऊन पडलं तर लगेच. आईचा गुडघा दुखतोय, ते रविवारपर्यंत थांबेल. आईने तिच्या हाताने खाली एक ओळ घातली आहे: तिकडचंही हेच.

ती ओळ मी वाचली होती, पण ती आम्हाला लागू आहे हे फारसं मनावर घेतलं नव्हतं. गेल्या महिन्यात माझी वार्षिक तपासणी झाली. त्यानंतरच्या रविवारी फोन लागला, मुलगाही शेजारी सिरिअल खात बसला होता.

"बोला अप्पा, तीन आकडे."

"सांगतो. आधी तुझे सांग."

"माझं काय, मी मजेत," तोंडातून निघून गेलं. मुलाने बाउलमधून मान वर करून माझ्याकडे बघितलं. रिपोर्ट आला त्या दिवशी प्रिंटरमधून कागद त्यानेच आणून दिला होता.

"ए-वन-सी सहा पूर्णांक नऊ आलंय," मी म्हणालो. "डायबेटिस आहे म्हणाले. गोळी सुरू केली."

पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग मागून आईचा आवाज, "कुणाचं सहा पूर्णांक नऊ?" अप्पा तिला सांगत होते, ती काहीतरी म्हणत होती, ते नीट ऐकू आलं नाही. मग अप्पा परत आले.

"रात्रीचा भात बंद कर," ते म्हणाले. "आणि जेवल्यावर चालायला जा. माझं लिहून घे. एकशे चौतीस. एकशे अठरा. आणि सव्वाशे रुपये हरलो."